धूळ न खाणारी सायकल

कॉलेजला रोज सायकलने जायचं म्हणताय? मग शोरूमच्या काचेत उभ्या असलेल्या सगळ्यात ‘भारी’ सायकलवरून नजर हटवा आणि कोपऱ्यातल्या साध्यासुध्या हायब्रिडकडे बघा. पाठ, पाकीट आणि पुण्यातले खड्डे, तिन्हींशी तिचं बरं जमतं.

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. जिन्याखाली, पंपाच्या खोलीमागे, मीटरच्या पेटीशेजारी दोन-तीन सायकली हमखास सापडतील. जाड टायर, पुढे दणकट सस्पेन्शन, फ्रेमवर ज्वाळांचे स्टिकर. टायर बसलेले, चेन गंजलेली आणि सीटवर मांजर झोपलेलं. यातल्या बऱ्याचशा २०२० च्या लॉकडाउननंतर घरात आल्या. त्या वर्षी सायकलींना अशी काही मागणी आली, की दुकानांत वेटिंग लागलं होतं. पहिले दोन आठवडे रोज राइड आणि स्टेटसला फोटो. मग फक्त रविवारी. मग ‘पाऊस थांबला की बघू’. आणि मग थेट पार्किंग.

घरचे म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. पण प्रत्येक वेळी आळसालाच दोष देऊन चालत नाही. बऱ्याचदा सायकलच चुकीची घेतलेली असते. डोंगर उतरायला बनवलेली सायकल रोज सिग्नल ते सिग्नल दामटली, तर ती पायांना जड जाणारच. आणि जे रोज जड जातं, ते आपण एक दिवस सोडतोच.

आता यात एवढं काय अडलंय, असं वाटेल. कॉलेज सुरू झालं की घरोघरी गाडीचा विषय निघतो. नवीन स्कूटर आज लाखाच्या घरात जाते. ज्यांना परवडतं त्यांचं ठीक आहे. पण लातूर, बीड, नगरहून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्यांचं काय? मेस, भाडं आणि क्लासची फी गेल्यावर पेट्रोलला फारसं उरत नाही. मग बसची वाट बघा, शेअर रिक्षा शोधा, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसा. दुसऱ्याच्या गाडीवर जायचं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर जायचं. लेक्चर संपलं तरी त्याचा चहा संपेपर्यंत थांबायचं. लायब्ररीत अजून तासभर बसायचं असतं, पण तो निघालेला असतो. स्वतःची सायकल असली, की हा वेळ आपल्या हातात येतो. म्हणून सायकल नीट निवडायला हवी. घरून एकदाच पैसे मिळणार असतील, तर ते पार्किंगमध्ये गंजून चालणार नाहीत.

तीन घराणी

ढोबळमानाने सायकलींची तीन घराणी आहेत. पहिलं रोड बाइकचं. टायर बारीक, साधारण २५ ते २८ मिलिमीटरचे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बसायचं वाकून. गुळगुळीत लांब रस्त्यावर ही सायकल बाणासारखी सुटते. पण आपल्याकडे ड्रेनेजचं झाकण आणि रस्ता एका पातळीत असणं हाच योगायोग. टायर खड्ड्याच्या काठावर आपटला, की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी दिसतात, म्हणून सायकलवाले त्याला ‘स्नेक बाइट’ म्हणतात.

दुसरं घराणं माउंटन बाइकचं, म्हणजे एमटीबीचं. दोन इंच किंवा त्याहून जाड, गाठीगाठींचे टायर. माती आणि दगडांवर त्या गाठी घट्ट पकड घेतात. डांबरावर मात्र त्याच गाठी तुमची ताकद खातात, तो जो घूंऽऽ आवाज येतो ना, तो त्याचाच. स्वस्त सस्पेन्शन तर प्रत्येक पेडलबरोबर खाली-वर होतं, म्हणजे पायाचा थोडा जोर चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. वर कमी किमतीच्या एमटीबीचं वजन सहज १६-१७ किलो भरतं.

हायब्रिड या दोघींच्या मधली. रोड बाइककडून तिने मोठं, सहज पळणारं ७००सी मापाचं चाक घेतलं आणि एमटीबीकडून सरळ हँडल. टायर मध्यम, साधारण ३२ ते ४२ मिलिमीटरचे. बसल्यावर पाठ बऱ्यापैकी ताठ, मान वर आणि नजर थेट ट्रॅफिकवर. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला हा प्रकार बाजारात रुजला. माउंटन बाइक घेणारे बरेच जण डोंगराकडे फिरकतच नाहीत, ऑफिस, कॉलेज आणि बाजार एवढाच त्यांचा पल्ला, हे तोवर कंपन्यांना कळून चुकलं होतं. ट्रेकची एफएक्स, जायंटची एस्केप, डिकॅथलॉनची रिव्हरसाइड ही यातली ओळखीची नावं. माँट्रा आणि फायरफॉक्स या आपल्याकडच्या ब्रँडच्याही हायब्रिड मिळतात.

खरं तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. आजोबांची काळी सायकल आठवा. २८ इंची मोठं चाक, ताठ बसणं, मागे कॅरिअर, चेनवर पूर्ण कव्हर, दोन्ही चाकांवर मडगार्ड, भक्कम स्टँड. रोज वापरायच्या सायकलीला जे जे लागतं ते सगळं तिच्यावर होतं. नव्हते ते गिअर, आणि वजन जरा जास्त होतं. हायब्रिड ही त्याच सायकलीची हलकी, गिअरवाली नात. गंमत म्हणजे कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँड या आजोबांच्या वस्तू आज वेगळे पैसे मोजून बसवून घ्याव्या लागतात.

दुकानात नेमकं काय बघायचं?

दुकानदार आधी गिअरचा आकडा सांगेल. ‘२४ गिअर आहेत, बघा.’ इम्प्रेस होऊ नका. पुढे तीन चकत्या आणि मागे आठ, म्हणून २४. त्यातली बरीच कॉम्बिनेशन जवळपास सारखीच पडतात आणि शहरात तुम्ही पाच-सहाच वापरता. एक साधं गणित बघा. पुढची ३८ दातांची चकती आणि मागची १८ दातांची घेतली, तर पेडलच्या एका फेरीत चाक दोन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं. ७००सीचं ३५ मिलिमीटरचं चाक एका फेरीत साधारण २ मीटर १७ सेंटिमीटर जातं. म्हणजे पेडलच्या एका फेरीत साडेचार मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या, तर ताशी सुमारे १९ किलोमीटर. शहरात याहून जास्त काय करायचंय? वरचे एक-दोन गिअर उतारासाठी, खालचे दोन-तीन पुलाच्या चढासाठी, बस. पुढे एकच चकती आणि मागे सात-आठ असलेली सायकल मिळाली तर उत्तमच. बिघडायला एक यंत्रणा कमी.

मग टायर. शहरासाठी ३५ ते ४० मिलिमीटर हे सोयीचं माप. टायरच्या बाजूवर हवेचा दाब छापलेला असतो, तो वाचा. या मापाला साधारण ५० ते ७० पीएसआय चालतो. वजन कमी असेल तर थोडी कमी हवा, जास्त असेल तर जास्त. योग्य हवा भरलेला मध्यम टायर हेच शहरातलं सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन. त्यामुळे पुढे साधा, न हलणारा फोर्क असला तरी काही बिघडत नाही. उलट वजन आणि किंमत दोन्ही कमी होतात. सस्पेन्शन घ्यायचंच असेल, तर ते लॉक करता येतंय ना ते बघा.

व्हॉल्व्हही तपासा. अनेक हायब्रिडना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. काहींना बारीक, वर छोटा नट असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. त्याला अ‍ॅडॉप्टर लागतो. तो स्वस्त असतो, पण बॅगेत नसेल तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात वर करतो.

ब्रेकबद्दल दुकानात ‘डिस्क म्हणजे बेस्ट’ असं ऐकायला मिळेल. पावसात डिस्क चांगला लागतो, हे खरं. रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक ओल्या रिमवर पकड घ्यायला क्षणभर जास्त घेतात. पण व्ही-ब्रेक कुठल्याही गल्लीतला सायकलवाला जुळवून देतो आणि रबर स्वस्तात बदलतो. केबलवाला स्वस्त डिस्क वारंवार घासतो, तो जुळवावा लागतो. ऑइलवाला हायड्रॉलिक डिस्क सुरेख चालतो, पण बिघडला तर जाणकार दुकानच गाठावं लागतं. घराजवळ तसं दुकान आहे का, हे बघूनच ठरवा.

आणि शेवटचं, ज्याकडे कुणीच बघत नाही. फ्रेमच्या मागच्या टोकाला, एक्सलजवळ आणि सीटच्या खाली आट्यांची छोटी भोकं आहेत का? कॅरिअर आणि मडगार्ड तिथेच बसतात. ती नसतील, तर सायकल कितीही देखणी असो, रोजच्या कामाला अर्धवटच.

साइज मॅटर्स

कपडे घेताना आपण ट्रायल रूममध्ये तीन-तीन चकरा मारतो. सायकल मात्र रंग बघून घेतो. चुकीच्या मापाच्या सायकलवर मनगटं, मान आणि गुडघे महिनाभरात बोलायला लागतात. सायकल दोन पायांमध्ये घेऊन सपाट उभं राहा. वरचा दांडा आणि आपल्यात किमान दोन-तीन सेंटिमीटर जागा राहायला हवी. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. हात ताणून धरावं लागत असेल, तर फ्रेम मोठी आहे. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, त्यामुळे ‘माझी उंची ५ फूट ५ इंच, मग मीडियम द्या’ एवढ्यावर विसंबू नका. दुकानासमोर पाच मिनिटं चालवूनच बघा.

सीटच्या उंचीची युक्ती सोपी आहे. पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला, की उंची बरोबर. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला, की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट खूप खाली ठेवून चालवणारे कितीतरी जण दिसतात. थांबल्यावर दोन्ही पाय टेकतात म्हणून बरं वाटतं, पण सगळा भार गुडघ्यांवर येतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय लावा, दोन दिवसांत जमतं.

मुलींसाठी एक मुद्दा. दांडा खाली उतरलेल्या फ्रेमला ‘लेडीज सायकल’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. कुर्ता असो, मागे भरलेलं कॅरिअर असो, चढणं-उतरणं तिच्यावर सोपं जातं, मुलांनाही. सीट मात्र स्वतः बसून तपासा. बसल्यावर टेकणाऱ्या हाडांमधलं अंतर मुलींमध्ये सहसा जास्त असतं, त्यामुळे कंपनीने दिलेली अरुंद सीट टोचू शकते. थोडी रुंद सीट बदलून घेणं हा लाड नाही. आणि ओढणी असेल तर चेनला कव्हर हवंच, ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं हवं.

पैशांचा खराखुरा हिशेब

सायकल ‘फुकट’ असते, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सुरुवातीच्या गटातली बरी गिअरवाली हायब्रिड साधारण १५ ते २० हजारांत बसते. चांगलं लॉक, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट, मडगार्ड, कॅरिअर आणि पंप धरून आणखी तीन-चार हजार. म्हणजे वीस हजारांच्या आसपास तयारी ठेवायची.

आता दुसरी बाजू. कॉलेज आठ किलोमीटरवर आहे, असं धरू. जाऊन-येऊन १६. महिन्याचे २२ दिवस म्हणजे ३५२ किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला पावणेआठ लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटरला शंभर रुपये धरले, तरी महिन्याला आठशेच्या जवळ. म्हणजे वीस हजार भरून निघायला पंचवीस महिने. सुट्ट्या वगळल्या तर जवळपास अडीच कॉलेज वर्षं. घरात स्कूटर आधीच असेल, तर केवळ पेट्रोल वाचवायला सायकल घेण्यात घाईचा फायदा नाही. पण प्रश्न ‘नवीन स्कूटर की सायकल’ असा असेल, तर चित्र पार बदलतं. लाख आणि वीस हजार यांच्यामधला फरक म्हणजे अनेकांची वर्षाची फी असते. शिवाय सायकलला लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही, पीयूसी नाही.

बजेट त्याहून कमी असेल, तर सेकंडहँड बघा. चाक फिरवून ते डगमगतंय का बघा. थोडा आउट असेल तर तारा आवळून निघतो, पण रिमला खोक असेल तर सोडून द्या. फ्रेमच्या जोडांवर चीर आहे का, नखाने चाचपा. आणि मूळ बिल मागाच. पेडलच्या दांड्याखाली फ्रेमवर बहुतेक सायकलींचा नंबर कोरलेला असतो, बिलावर तो असेल तर जुळवून बघा. बिलाविना मिळणारी झकास सायकल ही कुणाच्या तरी कॉलेजच्या स्टँडवरून उचललेली असू शकते.

घामाचं काय?

सायकलने यायचं का, असं वर्गात विचारलं, तर पहिलं उत्तर हेच येतं. कोथरूड डेपोपासून डेक्कन साधारण पाच किलोमीटर. ताशी १५ च्या वेगाने वीस मिनिटं, सिग्नल धरून पंचवीस. एवढ्या अंतरात घाम येतो तो बहुतेकदा घाईमुळे. दहा मिनिटं आधी निघालं आणि हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवले, तर सकाळच्या लेक्चरला माणूस बऱ्यापैकी माणसात पोचतो. जड गिअर रेटत ताकद लावणारे दमतात, हलका गिअर भराभर फिरवणारे कमी दमतात, गुडघेही वाचतात.

दुसरा उपाय म्हणजे पाठीवरची सॅक उतरवणं. घामाचा मोठा हिस्सा तिच्याखालीच असतो. कॅरिअरला सॅक बांधा किंवा बाजूला लटकणारी बॅग घ्या, पाठीला हवा लागू द्या. सोबत एक टी-शर्ट आणि छोटा नॅपकिन. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हट्ट नको. पाण्याची बाटली, डोक्यावर सावली, आणि जमलं तर ऊन उतरल्यावर परत निघायचं.

पावसाळ्यात पूर्ण लांबीचे मडगार्ड नसतील, तर पाठीवर चिखलाची उभी रेघ ठरलेली. वाऱ्यावर फडफडणाऱ्या पोंचोपेक्षा अंगाबरोबरचं जॅकेट बरं. पहिल्या पावसात डांबरावरचं ऑइल वर येतं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात. त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही मारायचा नाही. पाणी साचलेल्या डबक्यात तळ दिसत नसेल, तर ते टाळायचं. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून तिच्या कड्यांवर थेंब थेंब चेन ऑइल सोडा, पेडल उलटं फिरवा आणि वरचं जास्तीचं ऑइल पुसून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. हे न केल्याने चेन गंजते, मग गिअर अडकतात आणि मग कंटाळा येतो.

रस्ता कुणाचा?

एवढं सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो आई-बाबांच्या तोंडी सगळ्यात आधी येतो: ‘या ट्रॅफिकमध्ये सायकल?’ ही भीती खोटी नाही.

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. आज ती ओळख सांगायला जुने फोटो काढावे लागतात. प्रयत्न झाले नाहीत, असं नाही. केंद्राच्या २००५ मध्ये सुरू झालेल्या जेएनएनयूआरएम योजनेतून बीआरटी मार्गांच्या कडेने सायकल ट्रॅक झाले. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाच्या शेवटी विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइल अ‍ॅपने कुलूप उघडायचं आणि निघायचं. पेडल, ओफो, मोबाइक अशी नावं काही काळ गाजली आणि दोन-तीन वर्षांत रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. जे ट्रॅक आहेत, त्यातले कितीतरी मध्येच संपतात. कुठे डीपी बॉक्स, कुठे भेळेची गाडी, तर कुठे ओळीने लावलेल्या दुचाकी. त्या दुचाकींमध्ये आपल्या कॉलेजमधल्यांच्याही असतात, हेही मान्य करायला हवं.

रस्ता सुधारेपर्यंत आपण काय करू शकतो? पहिलं म्हणजे वाट बदला. गुगलने दाखवलेला मुख्य रस्ता गाडीसाठी जवळचा असतो, सायकलसाठी नाही. कर्वे रस्त्याला समांतर कॉलनीतल्या गल्ल्या आहेत, प्रभात रस्ता-भांडारकर रस्त्याच्या आतल्या लेन आहेत. एखादा किलोमीटर वाढेल, पण श्वास घेता येईल. दुसरं, रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. तिथे वाळू, काचा असतात आणि उभ्या कारचं दार कधी उघडेल याचा नेम नाही. उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवा आणि सरळ रेषेत चला. तिसरं, बस किंवा डंपरच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही, कधीच नाही. ड्रायव्हरला ती बाजू नीट दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला तर तुम्हाला सुटायला जागा उरत नाही. चौथं, वळायच्या आधी मागे बघा आणि हात दाखवा. पाचवं, अंधार पडताच मागचा लाल दिवा सुरू करा. नुसत्या रिफ्लेक्टरवर भागवू नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा, हँडलला लटकवलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही. कानात इअरफोन नकोतच. सायकलवर कान हेच आपले आरसे.

अंतर बारा-पंधरा किलोमीटर असेल किंवा वाटेत हायवेचा तुकडा असेल, तर सगळा प्रवास सायकलनेच करायचा अट्टहास नको. घर ते मेट्रो स्टेशन सायकल आणि पुढे मेट्रो, हे गणित वनाज, नळ स्टॉप, शिवाजीनगर अशा भागांत छान बसतं. पुणे मेट्रोत सायकल आत नेण्याची सोय आहे. फक्त गर्दीची वेळ टाळा आणि निघण्याआधी स्टेशनवर एकदा विचारून घ्या. रोज मोठा चढ असेल, तर इलेक्ट्रिक सायकलचाही पर्याय आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल, तर तिला लायसन्स-नोंदणी लागत नाही. पण किंमत आणि वजन दोन्ही वाढतात, जिना चढवायचा असेल तर आधी उचलून बघा.

निघण्याआधी एवढं कराच

• सायकल घेतल्या दिवशीच बिलाचा आणि फ्रेमवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत द्यायला तोच पुरावा.

• लॉक यू आकाराचं, लोखंडी. मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही त्यात आली पाहिजेत, आणि ते खांबाला किंवा स्टँडला अडकलं पाहिजे. पुढचं चाक हाताने खटका उघडून निघणारं असेल, तर त्याला वेगळी केबल लावा.

• आठवड्यातून एकदा हवा, ब्रेक आणि चेन तपासा. रविवारी सकाळी दहा मिनिटं पुरतात.

• नवीन सायकलच्या केबल सुरुवातीला सैल होतात. महिनाभरानंतरची पहिली सर्व्हिस चुकवू नका, बरेच दुकानदार ती फुकट करून देतात.

• बॅगेत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या आणि छोटा पंप. चाक काढून बसवायचा सराव घरीच करा.

• कॉलेजचा पहिला दिवस हा ट्रायलचा दिवस नव्हे. आधीच्या रविवारी सकाळी तोच रस्ता एकदा चालवून बघा. कुठे चढ, कुठे खड्डा, कुठे भटकी कुत्री, सगळं कळतं.

एक काम मात्र एकट्याने होणारं नाही. अनेक कॉलेजांत गाड्यांना शेड असते आणि सायकलींना भिंत. उन्हापावसात उभी राहिलेली सायकल लवकर गंजते, लॉक अडकवायला दांडा नसेल तर चोरी सोपी होते, आणि मग पुढच्या वर्षी आणखी चार जण सायकल सोडून देतात. गेटजवळ, वॉचमनच्या नजरेच्या टप्प्यात, वीस सायकली उभ्या राहतील एवढं शेड आणि जमिनीत घट्ट बसवलेले लोखंडी दांडे. मागणी एवढीच. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात, म्हणजे दोन कारची जागा पुरे. पाच-सहा जणांनी सह्या करून अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला, तर नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही. अ‍ॅडमिशनची गडबड संपली, की अर्ज लिहायला बसा.